काळेतात्यांच्या गाडीचे काटे

गाडीत पेट्रोल किती आहे हे बघायला काळेतात्या गाडीच्या मागं जातात. टाकीचं झाकण उघडून आत एक लांब, लवचिक वेत सोडतात, बाहेर काढून उन्हात धरतात, हुंगतात आणि जाहीर करतात, "गुलमंडीपर्यंत जातोय आपण. यायचं मंग बघू."

खरं तर पुढं डॅशबोर्डवर पेट्रोलचा काटा आहे. पण वेत कोरडा निघाला तरी काटा टाकी काठोकाठ भरल्याचं सांगतो. शेजारी तापमानाचा काटा आहे. नुसती किल्ली फिरवली, इंजिन अजून थंडगार असलं, तरी तो थेट लाल पट्ट्यात जाऊन बसतो.

"काट्यावर जाऊ नका," तात्या म्हणतात. "काटा म्हंजे सरकारी माणूस. जागेवर बसून अहवाल देतो."

हे सांगणारे तात्या स्वतः जमीन मोजणीच्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेत. मूळचे सोयगावकडचे. गारखेड्यात आमच्या शेजारच्या बंगल्यात एकटेच राहतात. गाडी फिकट निळी, गोलसर, वयानं माझ्याहून मोठी. तिला ते 'बेगम' म्हणतात. बेगम बिघडली असं ते कधीच म्हणत नाहीत. "आज बेगमची तब्येत जरा नरम हाय," असं म्हणतात.

काट्यांवर नसलेला सगळा विश्वास तात्यांनी धुरावर टाकलाय. काळा धूर आला, तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. निळा आला, तर ऑइल जळतंय. पांढरा आला आणि थांबेचना, तर पाणी नको तिथं शिरलं. "आधी धूर बघायचा, मंग तोंड उघडायचं." हा नियम ते माणसांनाही लावतात. एकदा माझ्या सासूबाई आमच्यावर दणदणीत चिडल्या होत्या. तात्या कुंपणापलीकडून ऐकत होते. संध्याकाळी मला हळूच म्हणाले, "काळा धूर हाय पोरी. काळजी नको करू. हवा कमी पडतीय, फिरायला ने त्यान्ला." मी नेलं. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई खरोखर निवळल्या. तेव्हापासून मी तात्यांना थोडी घाबरते.

दर रविवारी सकाळी बेगम शहागंजला जाते. तिथं एका गल्लीत युसूफभाई राहतात. त्यांचं गॅरेज खाली, घर वर. गॅरेज आता बंद असतं. मला त्या बाजूला खरेदी असली की तात्या मला सोबत नेतात, म्हणून हे सगळं मी पाहिलंय. तात्या हॉर्न वाजवतात, वरची खिडकी उघडते, पांढऱ्या दाढीतला एक उदास चेहरा दिसतो. "क्या हुआ काळेसाब?" "काटे पुन्हा पागल झाले ना युसूफभाई!" आणि तो चेहरा उजळतो. दोन मिनिटांत युसूफभाई खाली.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा युसूफभाईंनी मला समजावून सांगितलं होतं. सगळे काटे एकदम वर गेले, तर काटे बिघडलेले नसतात. डॅशबोर्डच्या मागं अर्थिंगची एक वायर असते, ती ढिली झालेली असते. मग ते सीटवर आडवे होऊन, डोकं खाली घालून ती वायर कसायचे. त्यांचे हात कापतात, त्यामुळं एका स्क्रूला सकाळ पुरायची. तात्या टॉर्च धरून उभे. मध्ये चहा, मध्ये निजामाच्या काळातल्या मोटारी, मध्ये गुडघेदुखी. दुपारी काटे शहाण्यासारखे वागायचे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

शेंद्र्याच्या कारखान्यात मी मालाची तपासणी करते. तोच स्क्रू दर आठवड्याला ढिला होतो, हे माझ्या मनाला काही पटेना.

एका शनिवारी संध्याकाळी कपडे काढायला अंगणात गेले, तर बेगमच्या दारातून तात्यांचे पाय बाहेर आलेले. डोकं डॅशबोर्डखाली, हातात स्क्रू ड्रायव्हर.

"काय करताय तात्या?"

"वायर घट्ट करतोय."

"डावीकडं फिरवून?"

पाय स्तब्ध झाले. मग तात्या हळूहळू बाहेर आले, केस विस्कटलेले, चेहरा परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा.

"कुणाला बोलू नको," ते म्हणाले. मग पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. युसूफभाईंची बायको गेली, हात कापायला लागले, गॅरेज बंद झालं. तेव्हापासून माणूस खिडकी सोडून खाली उतरेना. "लई वेळा बोलावलं. चहाला ये म्हटलं, नाय. जेवायला ये म्हटलं, नाय. पण गाडीला कायतरी झालंय म्हटलं की उलट्या चपला घालून पळत येतो. मंग काय करू? रोज नवा बिघाड कुठून आणू? ही वायर बरी सापडली."

दुसऱ्याच दिवशी मी तात्यांबरोबर निघाले. काटा अर्थातच लाल पट्ट्यात होता. क्रांती चौकाच्या अलीकडं मला करपल्यासारखा वास आला.

"तात्या, काटा!"

"तो आपलाच माणूस हाय," तात्यांनी डोळा मारला.

पुढच्या चढावर बॉनेटमधून भस्सकन वाफ निघाली. मागं पाहिलं तर मोठ्ठा पांढरा धूर, रिक्षावाले हॉर्नवर हॉर्न देतायत, आणि बेगम खोकून बंद पडली. त्या दिवशी काटा खरं बोलत होता.

चार लोकांनी ढकलून गाडी कडेला लावली. फोन मीच केला. युसूफभाई रिक्षानं आले, औजारांची जुनी पिशवी पोटाशी धरून. कितीतरी दिवसांत ते गल्लीबाहेर पडले नव्हते. पाण्याचा पाइप फुटला होता, आणि इंजिनच्या डोक्याखालची गॅस्केट गेली होती. खरंखुरं, मोठं काम.

"काळेसाब, काटा लाल दिखा तो गाडी रोके काय को नहीं?"

खरं सांगावं, तर तात्यांची चोरी उघडी पडणार. "चहा आणतो," म्हणून ते जे निघाले ते मागं न बघता.

युसूफभाई त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "बेटी, वो वायर अपने आप ढीली नहीं होती. सारी उमर मैं वायराच कसा."

मी चपापले. "तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"कैसा बोलूं? भाभी गुजर गए. बच्चे परदेस में. इतवार कू काळेसाब अकेले उस बंगले में क्या करते? आए तो दो बातां होते, हँस लेते." त्यांनी गरम बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला तसा उचलला. "इस वास्ते मैं बी पूरी नहीं कसता. थोडी ढीलीच रखता."

मी रहदारीकडं तोंड फिरवून उभी राहिले.

तात्या कागदी कपांत चहा घेऊन आले. चोरट्या आवाजात विचारलं, "लई दिवसांचं काम हाय का?"

आमच्या कारखान्यातल्या कुठल्याही फिटरनं ते दोन दिवसांत केलं असतं. युसूफभाईंनी मात्र इंजिनकडं बराच वेळ गंभीरपणे पाहिलं. "हेड उतारना पडता. घिसाना पडता. पुरानी गाडी का सामान ढूंडना पडता. मेरे हाथ बी ऐसे. इतवार-इतवार कर को दो महिने तो पकडो."

"दोन महिने?" तात्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. "घाईत नको युसूफभाई. चांगले तीन घ्या."

"हौ. तीन."

युसूफभाईंच्या हातातला कप हिंदकळत होता. तात्यांनी बोलता बोलताच खालून आपला तळहात लावला, आणि चहा संपेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.