मोटारीची खांदशेकणी

आमचे शेजारी भास्करभाऊ वानखडे दरवर्षी दिवाळी उलटली की एका संध्याकाळी आपल्या मोटारीला जेवायला बोलावतात.

मी वाढवून सांगत नाही. मी कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहिणारा माणूस आहे. वाढवून सांगणं मला परवडत नाही. भास्करभाऊ टोपी नीट करून बॉनेटसमोर उभे राहतात, हात जोडतात आणि म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात आणि त्यांना हेच आमंत्रण देतात. भास्करभाऊंची सारी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेली. पुढे घरची बैलजोडी राहिली नाही, शेत बटईनं गेलं आणि अंगणात ही मोतिया रंगाची मोटार आली. पोळा मग सरकून हिवाळ्यात गेला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी खांदशेकणी. आधी धुणं, मग जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसणं. मग सीलंट, म्हणजे रंग जपायचं पातळ औषध. ते रंगाला घट्ट धरून बसतं. ते रात्रभर मुरू द्यायचं आणि त्यावर मेण चढवायचं, तेही दोनदा. एका वर्षी मी सहज विचारलं, "आधी मेण लावलं तर?"

भास्करभाऊंनी माझ्याकडे आजारी म्हशीकडे पाहावं तसं पाहिलं. "मोहनभाऊ, तुमी आंधी स्वेटर घालता अन् मंग बनियान?"

तेव्हापासून मी विचारत नाही.

मोटारीच्या रंगाला ते रंग म्हणत नाहीत, कातडी म्हणतात. "कातडी पाहा कशी तुकतुकीत हाय!" तिला कोणी बोट लावलेलं त्यांना चालत नाही. आत बसायचं तर दार तेच उघडून देतात. मैना तारेवर बसली तरी ते अंगणात येऊन टाळ्या वाजवतात. त्यांच्या बायको मालतीवहिनी ओट्यावरून म्हणतात, "गाडीची मालिश चालू हाय. माही पाठ दुखते त्याचं कोनाले काही नाई."

"तुले काय ऊन लागते वं? सावलीत तर बसली हायस," भास्करभाऊ म्हणतात.

सीलंटची बाटली कॅनडाहून येते. मुलगा संजय तिथे नोकरीला आहे. बाटलीवर बर्फात रुतलेल्या मोटारीचं चित्र आहे. बर्फापासून आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठापासून रंगाचं रक्षण, असं खाली छापलेलं आहे. मी म्हणालो, "भाऊ, चिखलीत पारा शून्याच्या आसपासही जात नाही. बर्फ पडणार कुठून?"

"गारा पडल्या तवा तुमाले इचारून पडल्या काय?"

मी बाटली परत त्यांच्या हातात दिली.

संजयचा फोन रविवारी सकाळी येतो. भास्करभाऊ तो अंगणातच घेतात, चेहरा दाखवणारा. कुंपण बुटकं असल्यानं मला सगळं ऐकू येतं. "बाबा, सीलंट मुरलं का?" "मुरलं." "मेण?" "एक हात झाला. दुसरा उद्या." "बरं. ठेवतो." हिवाळाभर असंच मेणाचं. उन्हाळ्यात तर फोन याहून लवकर संपतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या पल्लवीचं लग्न होतं. सासर वरवट बकालचं. नवरीसाठी मी भाड्यानं सजवलेली मोटार ठरवली होती. जेवणाच्या पंगती उठत असताना चालकाचा फोन आला: गाडी बंद पडली, आता निघत नाही. पाहुणे ताटकळलेले, वरपक्षाची बस सुरू होऊन उभी, आणि माझी पोरगी जाणार कशात?

भास्करभाऊ शेजारीच विडा लावत होते. दुसरं मेण त्याच सकाळी चढलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. अशी मोटार उद्यापर्यंत जागची हलत नाही, हेही ठाऊक होतं. म्हणून मी ओळखीच्या जीपगाडीवाल्याला फोन लावायला घेतला.

त्यांनी विडा खाली ठेवला. "पल्लवी आमच्या ओट्यावर रांगली. तिले जीपगाडीत कोंबता काय?"

अर्ध्या तासात मोतिया मोटार मंगल कार्यालयाच्या दारात आली. माझ्या मेहुण्यानं फुलांची जाळी आणि चिकटपट्टी घेऊन झडप घातली. पट्टी लावली, फुलं बसवली, मागे सरकून पाहिलं. फुलं आरामात घसरत खाली आली. दुसरी पट्टी, मोठी. तीही सुटली. तिसऱ्या खेपेला झेंडूचा अख्खा हार बॉनेटवरून घरंगळत मेहुण्याच्या पायावर पडला.

"हे काय लावलं हो काका? काहीच चिपकत नाई!"

भास्करभाऊंचा चेहरा असा फुलला की नवरदेवाचाही तेवढा फुलला नव्हता. "चिपकत नाई ना? लाव, अजून लाव! पाहा मोहनभाऊ! हे मेण हाय, मजाक नाई!"

सारा मांडव हसत होता. पण नवरी बोडक्या मोटारीतून जाणार म्हणून माझी बायको रडकुंडीला आली. मेहुणा म्हणाला, दोरीनं बांधतो. भास्करभाऊ आडवे आले. "दोरी? कातडीवर दोरी?"

तेवढ्यात मालतीवहिनी रिक्षातून उतरल्या. त्या घरी जाऊन आल्याचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्या एका हातात घुंगरमाळा आणि दुसऱ्या हातात बैलाची झूल होती. लाल, आरशांची, कडेला गोंडे, खाली मऊ सुती अस्तर. "घ्या," त्या म्हणाल्या. "यानं तुमच्या लाडाबाईले ओरखडा नाई पडत."

भास्करभाऊंनी झुलीचं अस्तर बोटांनी चाचपून पाहिलं. मग दोघांनी दोन टोकं धरली आणि ती बॉनेटवर पांघरली. कडा झाकणाखाली दाबल्या, मोटारीच्या दोन्ही बाजूंच्या आरशांना घुंगरमाळा अडकवल्या. पल्लवी रडता रडता हसली. मोटार घुंगरं वाजवत निघाली आणि वरपक्षाच्या बसमधली माणसं खिडक्यांतून अर्धी बाहेर आली. माझ्या मुलीची पाठवणी चिखलीत अजून सांगतात. वरवटातही सांगतात.

मोटार चालवत गेलेले भास्करभाऊ वरवटात मुक्काम करून परतले. रविवार होता. मी आभार मानायला कुंपणापाशी गेलो, तर फोन सुरू होता.

"बाबा, मेण वाळलं का?"

भास्करभाऊंनी फोन मोटारीकडे वळवला. झूल अजून काढली नव्हती.

संजयचा चेहरा पडद्याच्या जवळ आला. मग संजय म्हणाला, "ही आपल्या हिऱ्या बैलाची झूल नं? डाव्या कोपऱ्यात आरसा नसन पाहा. मी फोडला होता. तुम्ही मारलं होतं."

भास्करभाऊंनी वाकून पाहिलं. "नाई," ते म्हणाले. "नाई इथं आरसा."

"वावराच्या वाटेनं मी त्याच्या पाठीवर बसून जायचो."

"उतरतच नव्हता तू."

मी मागे सरकायला हवं होतं, पण पाय निघेना. भास्करभाऊंनी टोपी नीट केली. फोन झुलीवर टेकवला आणि त्यासमोर हात जोडले.

"संज्या," ते म्हणाले, "आज आवतन घे. उद्या जेवाले ये."

मला वाटलं, पोरगा हसेल.

"स्वयंपाक काय करसान?" संजयनं विचारलं.

"पुरनपोळी," मालतीवहिनी ओट्यावरून ओरडल्या.

"मग सुट्टीचं पाहतो, आई. पोळ्याले येतो."

फोन बंद झाला. भास्करभाऊंनी आधार घ्यायला म्हणून हात टेकला, तो झूल सोडून उघड्या बॉनेटवर. पंजा पूर्ण उमटला. मी फडकं उचलून पुढे केलं.

"राहू द्या, मोहनभाऊ," ते म्हणाले. "पुसू नका."