मधुकरभाऊंचं यंत्र

मधुकरभाऊंना चहाला बोलावलं, की आधी त्या घरातला पंखा बंद होतो. पंख्याची कुरकुर त्यांना सहन होत नाही. ते स्टुलावर चढतात, खिशातून पाना काढतात आणि चहावर साय धरेपर्यंत खाली उतरत नाहीत. उतरले की एकच वाक्य, "जीव हाये अजून यात."

खामगावात माझ्या घराला लागून त्यांची छोटी तेलगिरणी आहे. तिथलं सरकीचं तेल काढायचं यंत्र मध्यंतरी कायमचं बसलं. त्यांच्या मुलाने फोनवर नव्या यंत्राचे फोटो दाखवले. भाऊंनी ते लग्नाच्या अल्बमसारखे कौतुकाने पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी कापसातली सरकी काढणाऱ्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या आवारातून तसलंच एक गंजलेलं यंत्र ट्रॅक्टरवर घालून आणलं. त्याच्या तोंडात चिमणीचं घरटं होतं.

हे काऊन आणलं, असं कमलवहिनींनी विचारलं.

"हे चालनार हाये," भाऊ म्हणाले.

मग वहिनींच्या पापडांच्या खाटेवर गिअर वाळू लागले. पहिल्यांदा यंत्र सुरू केलं तेव्हा त्याचा आवाज ऐकून मागच्या गल्लीतल्या म्हशीने दावं तोडलं. भाऊंनी सगळं परत उघडलं. दुसऱ्या वेळी गिअरचे दात गेले. मुलाने बोलणं टाकलं. भाऊ अकोल्याला जाऊन गिअरला नवे दात पाडून घेऊन आले.

शेवटी एका रविवारी यंत्र एका सुरात चाललं. भिंतीपलीकडून ऐकून मी धावत गेलो, तर भाऊंनी ओठांवर बोट ठेवलं. कुणाला सांगायचं नाही.

सोमवारी ते मला घेऊन शामराव मिस्त्रींकडे गेले. जिनिंगमध्ये हेच यंत्र मिस्त्रींनी उमेदीची सगळी वर्षं चालवलं होतं. जिनिंग बंद झाली, पाठोपाठ बायको गेली, तेव्हापासून ते घराबाहेर पडत नव्हते. भाऊ त्यांच्या खाटेशी उकिडवे बसले.

"मिस्त्री, तुमचं जिनिंगचं यंत्र आणलं, पन चालूच नाही होऊन राह्यलं. तुमचा हात लागल्याबिगर आयकत नाही ते."

मिस्त्री खाटेवरून उठले. मग त्यांनी खुंटीवरची टोपी काढली. रस्ताभर पट्टा किती ताणला, सरकी कोरडी आहे का, अशी मिस्त्रींनी भाऊंची उलटतपासणी चालवली होती.

गिरणीत त्यांनी पट्ट्यावर तळवा फिरवला, एक नट सैल करून पुन्हा आवळला आणि खटका दाबला. यंत्र घुमू लागलं. तेलाची धार लागली.

"काही नव्हतं याले," मिस्त्री म्हणाले. "तुमचंच चुकून राह्यलं होतं."

"हाव," भाऊ मान खाली घालून म्हणाले. "उद्यापासून तुम्हीच येत जा."