एकनाथची कोल्हेकुई

अर्बाबच्या, म्हणजे एकनाथ रहाटेच्या ओमानी मालकाच्या, बरका गावातल्या मळ्यावरून शेळ्यांची करडं एकामागून एक नाहीशी होत होती आणि त्याच महिन्यात एकनाथला दहा दिवसांची रजा हवी होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो एकनाथने स्वतःच्या तोंडाने जोडला.

एकनाथ मस्कतच्या अझैबा भागातल्या एका एसी दुरुस्तीच्या कंपनीत फोरमन होता. मस्कतच्या लोकांना आपल्या घरात एसी आहे याची आठवण मार्चमध्ये होते, आणि शिमगाही मार्चमध्येच येतो. त्यामुळे गेली अकरा वर्षं त्याने गावची पालखी फक्त मोबाइलवर पाहिली होती. यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. पालखीच्या पुढच्या दांड्याला वडिलांचा खांदा असायचा. ते दोन वर्षांपूर्वी गेले, मधला शिमगा वर्षसुतकात गेला आणि यंदा तो मान एकनाथकडे आला. तो गेला नाही तर चुलतभाऊ दांडा धरणार होता, आणि एकदा धरलेला दांडा चुलतभाऊ सोडत नाहीत, हे कोकणात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

रजेचा अर्ज अर्बाबच्या टेबलावर आठवडाभर पडून होता. एके दिवशी चहाच्या वेळी त्यांनी सगळ्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतले शिकारी झुडपाआड बसून तोंडाने कोल्हेकुई करतात आणि तिकडचे कोल्हे आपलंच कुणी बोलावतंय असं समजून समोर येऊन उभे राहतात. मळ्यावर अर्बाबनी पिंजरा लावला होता. पण कोल्हा करडं खायचा आणि पिंजऱ्यातल्या कोंबडीकडे ढुंकूनही बघायचा नाही. असा आवाज आपल्यात कुणाला येतो का, असं त्यांनी विचारलं.

"मेरे को आता है, अर्बाब," एकनाथ म्हणाला. "हमारे गाव में घर के पीछे ही चिल्लाता है."

हे खरं होतं. फक्त चिल्लाता तो कोल्हा, एकनाथ नव्हे, एवढाच तपशील त्याने गाळला. अर्बाब खूश झाले. त्यांनी अर्ज एकनाथच्या खिशात घातला आणि म्हणाले, "लोमडी पिंजरे में, तुम छुट्टी में."

त्या दिवसापासून एकनाथच्या माबेल्यातल्या घरात सराव सुरू झाला. एकनाथ बाथरूमचं दार लावून हेल काढायचा आणि बायको प्रेमा बाहेर भाजी चिरत निकाल द्यायची. तिचं माहेर ऐन जंगलाला लागून, तेव्हा तिच्या कानाला दाद द्यायलाच हवी होती.

"हा कोल्हा नाही," ती म्हणाली. "हा तुमचा कॉम्प्रेसर बिघडल्याचा आवाज आहे."

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या दापोलीच्या कुबराताई ओव्याचा काढा घेऊन वर आल्या. दोन दिवस कुणाला तरी ओकाऱ्या होतायत असं त्यांना ऐकू येत होतं. सीबमधल्या एका चांगल्या डॉक्टरचा नंबरही त्यांनी आणला होता. प्रेमाने काढा ठेवून घेतला आणि दुखणं रजेचं आहे, ती मिळाली की उतरेल, असं खरं तेच सांगितलं.

शुक्रवारी ऊन कलल्यावर मंडळी मळ्यावर जमली. अर्बाब आणि त्यांचे दोन भाऊ पिकअपच्या आड दुर्बिणी घेऊन बसले. गुराखी मुनीर गोठ्यामागे उभा राहिला. एकनाथने खजुराच्या बुंध्याआडून पहिली कोल्हेकुई घातली. एका शेळीने रवंथ थांबवून त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या कोल्हेकुईनंतर तिनेही दखल घेणं सोडून दिलं. अर्ध्या तासाने अर्बाबचा धाकटा भाऊ येऊन मोठ्या अदबीने पाण्याची बाटली देऊन गेला.

सूर्य खाली उतरला. अर्बाबनी घड्याळ पाहिलं. एकनाथला डोळ्यांसमोर चुलतभावाच्या खांद्यावर टेकलेला दांडा दिसू लागला. कोल्ह्यासाठी घसा आता उरलाच नव्हता. मग त्याचा हात आपोआप तोंडाशी गेला आणि त्याने बोंब मारली. शिमग्याची, तळव्याने ओठांवर थापा मारत, पलीकडच्या वाडीला ऐकू जाईल अशी.

मग शेजारच्या मळ्यातून उत्तर आलं.

"आया," अर्बाब त्याचा दंड धरून कुजबुजले. दुसरं उत्तर डावीकडून आलं, आणि तिसरं त्याहून जवळून. अर्बाबचा चेहरा उजळला. एकनाथला मात्र घाम फुटला, कारण हा कोल्हा गुहागरकडचा आहे हे त्याने आवाजावरूनच ओळखलं होतं.

बांधावरून सात माणसं धावत आली. शेजारच्या मळ्यावर पंपाचे पाइप टाकणारी ही कोकणातली पोरं. सर्वांत पुढे साई, हातात रंगाची रिकामी बादली.

"होळी कुठाय?" साईने विचारलं.

"होळी नाय रे. मी कोल्ह्याला बोलवत होतो."

"मग आम्ही काय परके?" साई म्हणाला आणि त्याने बादली वाजवायला घेतली. सगळ्यांनी मिळून आणखी एक बोंब ठोकली.

रजा गेली हे एकनाथला कळून चुकलं. तेवढ्यात गोठ्यामागून मुनीर ओरडला. कोल्हा कधीपासून तिथल्या वेळूत दबा धरून बसला होता. दोन्ही बाजूंनी आरोळ्या उठल्यावर तो जिवाच्या भीतीने पळाला, आणि समोर आडोसा दिसला म्हणून थेट पिंजऱ्यात शिरला.

कोल्ह्याला दूर डोंगरात सोडायचं ठरलं. पण पिकअप वाळूतून गोठ्यापर्यंत येईना. मग पिंजऱ्याच्या वरच्या कड्यांतून लोखंडी पाइप घातला आणि चौघांनी तो खांद्यावर घेतला. कुणी न सांगता एकनाथ पुढे लागला. मागे बादलीचा ठेका धरला होता. पावलं त्या ठेक्यावर कधी पडू लागली ते त्याला कळलंच नाही. पाइप झुकत होता, वर उठत होता, गिरक्या घेत होता, आणि आत गज धरून बसलेला कोल्हा निमूटपणे खालीवर होत होता. एकनाथला वडिलांची आठवण आली आणि त्याचे डोळे भरून आले. अर्बाब पूर्ण वेळ मोबाइलवर चित्रण करत होते.

पिंजरा गाडीत चढल्यावर एकनाथने खिशातून घामेजलेला अर्ज काढला. अर्बाबनी तो वाचला.

"छुट्टी किसलिए मांगा था?"

"पालखी कंधे पे लेने का था, अर्बाब."

अर्बाबनी मोबाइल त्याच्यासमोर धरला. "ये देखो. ले लिया. खलास."

त्यात कपट मुळीच नव्हतं. त्यांनी त्याला मनापासून मिठी मारली. शब्दाला जागून रजाही दिली, एका दिवसाची, तिथे कामाचा असलेल्या रविवारची, कारण त्याचा घसा बसला होता. सोमवारपासून सीबमधले बावीस एसी त्याची वाट पाहत होते.

अर्बाबनी पाठवलेला व्हिडिओ एकनाथने वाटेतूनच प्रेमाला धाडला आणि तो घरी येईपर्यंत तिने तो गावच्या ग्रुपवर टाकलाही होता. तिन्हीसांजेच्या उजेडात पिंजऱ्यातलं काही धड दिसत नव्हतं. दोन डोळे तेवढे लखलखत होते.

थोड्या वेळाने थोरल्या बहिणीचा मेसेज आला. आईने फोन कपाळाला लावला म्हणे. अगदी बाबांसारखी नाचवलीस म्हणाली. आणि विचारतेय, देव कुठला?

एकनाथने लिहिलं, "इथलाच आहे. पण जागृत आहे."