बत्तीस पत्रे आणि एक उपस्थिती

जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या आमच्या सेवाभावी क्लबचा नियम स्पष्ट होता. बैठक चुकल्यास सभासदाने जगातील कोणत्याही शाखेत हजेरी लावून कार्डावर शिक्का आणावा. सेवा केली का, हा रकाना कार्डावर नव्हता.

इंजिनिअर दत्तात्रय हुपरीकर यांची अकरा वर्षांत एकही बैठक चुकली नव्हती. त्यामुळे २००५ साली पत्नी सुलेखाताईंसह कॅरिबियनच्या सहलीला निघताना त्यांनी सर्वांत आधी बॅगेत कोरे कार्ड ठेवले.

ग्रेनाडा बेटावर पोहोचताच टाय लावून, सुलेखाताईंना घेऊन ते तिथल्या शाखेच्या पत्त्यावर गेले. पत्त्यावर शाळा निघाली. शाळेला भिंती होत्या. छप्पर आदल्या वर्षीच्या वादळाने नेले होते. उघड्या वाशांवर बसून सत्तरीच्या एक बाई खिळे ठोकत होत्या. याच शाखाध्यक्ष मिसेस चार्ल्स.

"बैठक किती वाजता?" दत्तात्रयरावांनी खालून विचारले.

"सकाळी सहाला सुरू झाली. तो पत्रा वर द्या."

"निदान शिक्का?"

"तो छपराबरोबर गेला."

अकरा वर्षे डोळ्यांसमोर तरळली. दत्तात्रयराव व्यथित होऊन सावलीत बसले. सुलेखाताईंनी ओढणी कमरेला बांधली आणि पत्रा उचलला.

"अगं, तू सभासद नाहीस!"

"अहो, पत्र्याला कुठं ठाऊक आहे ते?"

दुपारी दत्तात्रयराव एकदाच शिडी चढले, हातोडा धरून फोटो काढून घेतला आणि उतरले. निघताना मिसेस चार्ल्सनी कार्डावर लिहिले: 'सुलेखा यांनी बत्तीस पत्रे चढवले. सोबत त्यांचे यजमान होते.'

हॅनोव्हरला प्रकरण समितीपुढे आले.

"आल्झो, तर मग, सभेची घंटा वाजली होती का?" सचिव ब्रिंकमान यांनी विचारले.

"नाही."

"मग बैठक झालीच नाही. शिवाय काम बिगरसभासदाने केले, हे तर गंभीरच."

तीन बैठका यातच गेल्या. अखेर फोटो निर्णायक ठरला. सभासद हातोड्यासह दिसतो, अर्थात तो उपस्थित होता. "गेनाऊ! अगदी बरोबर!" म्हणत सर्वांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि दत्तात्रयरावांना अखंड उपस्थितीचे पदक जाहीर झाले.

समारंभात त्यांनी 'सेवा: एक व्रत' या विषयावर चाळीस मिनिटे भाषण केले. टाळ्या ओसरल्यावर पहिल्या रांगेतून सुलेखाताई उठल्या.

"आमच्या गल्लीतल्या बालवाडीचं कुंपण पडलंय. येत्या शनिवारी कोण कोण येणार?"

सभागृहात चाळीस डायऱ्या उघडल्या. पाने बराच वेळ सळसळली. शनिवार कोणालाच सापडेना. एकाने मात्र आस्थेने विचारले, "हे उपस्थितीत धरणार का?"

सुलेखाताईंनी पर्स उचलली आणि नवऱ्याची वाट न पाहता घरी गेल्या. शनिवारी त्यांनी आणि बालवाडीच्या दोन शिक्षिकांनी कुंपण उभे केले. दत्तात्रयराव पदकाला चौकट करून घ्यायला गेले होते.

त्या चाळिसांत मीही होतो. दत्तात्रयरावांना हसले की मला फार बरे वाटते. तुम्हालाही वाटलेच असेल. बरे, येत्या शनिवारी तुम्ही मोकळे आहात?