आधी चाकं, मग गाडी

गाडी चाकांसकट येते, असा माझा आपला साधा समज होता. ऊर्जानगरात राहायला आलो आणि शेजारच्या रामटेकेभाऊंनी तो पार मोडून काढला.

त्यांच्या क्वार्टरमध्ये मी पहिल्यांदा गेले ती विरजण मागायला. बैठकीत पाय ठेवला आणि उंबऱ्यातच थिजले. लोकांच्या घरी जिथं सोफा असतो तिथं दुलई अंथरलेली, आणि दुलईवर चार चकचकीत चाकं. मोटारीची! वर पांघरलेली जुनी मऊ साडी अर्धी सरकलेली. भाऊ स्वतः मात्र खाली सतरंजीवर बसून चहा पितायत.

"या वैनी, बसा."

मी गोंधळून चाकाच्याच कडेला टेकायला गेले, तर काय ओरडले, "तिथी नाई जी! ते बसाचं नाई!"

"भाऊ, गाडी कुठे आहे?"

"गाडी नाई."

"मग ही चाकं?"

"अलॉयची हायेत," ते म्हणाले. जणू मी तेच विचारलं होतं.

विरजण विसरून घरी आले. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तुझं काहीतरीच." मग स्वतः जाऊन बघून आले आणि मलाच विचारायला लागले, "पण गाडी कुठे आहे?"

ही गोष्ट ऐंशीच्या पुढच्या सालांतली. आमच्या वसाहतीत मोटारगाडी म्हणजे फक्त मोठ्या साहेबांची. बाकी आम्ही सगळे सायकलवाले, नाहीतर कंपनीच्या बसचे. कुणा परदेशी पाहुण्या इंजिनियरची गाडी जंगलात सागाला धडकून भंगारात निघाली होती. तिची चाकं तेवढी शाबूत राहिली, ती भाऊंनी उचलली. एस.टी.तून चार खेपा केल्या, दर खेपेला एक चाक मांडीवर. कंडक्टरनं लेकराचं तिकीट मागितलं म्हणे.

भाऊ वीज केंद्रात टर्बाइनवर फिटर. बायको लवकर गेली. मागे एकुलती एक सुजाता, तीही तेव्हा पाळण्यात. दुसरं लग्न करा म्हणून लोकांनी जीव खाल्ला, पण भाऊंनी ऐकलं नाही. पोरीच्या वेण्यासुद्धा स्वतः घालायचे. एक वेणी जराशी सैल वाटली की दोन्ही सोडायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून घालायच्या. पोरगी रोज शाळेत उशिरा पोचायची, पण वेण्या अशा की मास्तरीणबाईंनीही बघत राहावं.

चाकं आल्यावर गाडीचा शोध सुरू झाला. गाडी कोणती, कशी चालते, किती जुनी, ह्याच्याशी भाऊंना काडीचं देणंघेणं नव्हतं. चाकाची भोकं बरोब्बर आखून कापलेला एक पुठ्ठा पिशवीत घालून ते फिरायचे. चंद्रपुरात, बल्लारपुरात, मूलला, कुठंही विकाऊ गाडी आहे असं कळलं की जायचे, चाक काढायला लावायचे आणि पुठ्ठा लावून बघायचे.

"पत्रिकेवर माह्या इस्वास नाई," ते मला म्हणाले. "पण बोल्ट जुळले पायजे. आन् मधलं भोक हबावर, म्हंजे आसाच्या तोंडावर, घट्ट बसलं पायजे. नुसतं बोल्टाच्या भरवशावर लटकलं का चाक थरथरते."

शेवटी मूलच्या एका राइसमिलच्या गोदामात पत्रिका जुळली. ॲम्बॅसडर होती. दार सुतळीनं बांधलेलं, मागच्या सीटमध्ये उंदरांचा संसार, छत असं की आत बसून चांदणं मोजावं. पण बोल्ट जुळले! भाऊ पेढे वाटत आले. मी पेढा हातात धरून गाडीकडे बघतच राहिले.

चाकं बसवायच्या दिवशी क्वार्टरांची अख्खी लाइन गोळा झाली. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. कशाचं काय! आधी हबावरचा गंज तारेच्या ब्रशनं घासला. मग दात घासायच्या ब्रशनं घासला. भाऊ स्वतः कडुनिंबाची काडी वापरायचे, ब्रश चाकांना. जुने नट बाजूला टाकले. "पत्र्याच्या चाकाचा नट अलॉयले चालत नाई जी, त्याचं बूडच वेगळं." नवे नट खास करवून आणले होते. एकेक नट बोटांनी फिरवत आत नेला.

"पहिले बोट, मंग पाना!" हे त्यांचं ब्रीदवाक्य. नट बोटानं गेला नाही तर जबरदस्ती करायची नाही. एक आवळला की त्याच्या शेजारचा आवळायचा नाही, समोरचा घ्यायचा. पान्याच्या टोकाला रद्दीवाल्याकडे असतो तसला लटकता काटा अडकवायचा आणि काट्यावरचा आकडा बघून ओढायचं. आमच्या ह्यांना उगाच उत्साह. "भाऊ, मी उभा राहतो पान्यावर," म्हणत पाय ठेवला, आणि बापा! भाऊ असे काही कडाडले की लाइनमधली कुत्री गप्प झाली.

"पाय काढा! चाकावर पाय देता? घरी ताटावर देता काय?"

ह्यांच्याशी भाऊ पुढे कितीतरी दिवस बोलले नाहीत. हेही घरात लंगडल्यासारखे चालायचे.

दिवस मावळायला चारी चाकं बसली. खरं सांगते, त्या खटाऱ्याला ती चाकं म्हणजे फाटक्या लुगड्याला जरीचा काठ. आम्ही टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "चला भाऊ, एक चक्कर होऊन जाऊ द्या!"

भाऊ हात पुसत म्हणाले, "मले कुठी चालवता येते?"

"मग गाडी घेतली कशाला?" कुणीतरी विचारलं.

"चालवणारे पायलीचे पन्नास हायेत," ते म्हणाले. "बसवणारा नाई भेटत."

पुढे सुजाता लग्नाची झाली. तिला बघायला वैनगंगेपलीकडच्या धानोऱ्याचे पाहुणे आले तेव्हाची तऱ्हा तर ऐकाच. पोहे झाले, चहा झाला, मुलीला प्रश्न विचारून झाले आणि मुलीचा बाप बेपत्ता. शोधलं तर स्वारी पाहुण्यांच्या जीपखाली. अंगणात उभ्या मुलाच्या मामाला खालूनच विचारतायत, "चाकाचा पाचवा नट कुठी गेला जी तुमचा?"

मामा लालबुंद. मी पदरात तोंड लपवलं. म्हटलं, मोडलं लग्न! पण मुलगा शाळामास्तर, शांत स्वभावाचा. तो चांगल्या पँटची पर्वा न करता गुडघ्यावर बसला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "खरंच नाई जी. मले कधी दिसलंच नाई."

भाऊ जीपखालून बाहेर आले आणि त्याच कळकट हातांनी त्याचा हात धरला. "पोट्टा वाकून पाह्यते," मला म्हणाले. "बस झालं."

लग्न वसाहतीतल्या बुद्धविहारात लागलं. पांढऱ्या साडीत सुजाता अशी दिसत होती की माझीच दृष्ट लागेल. पाठवणी अर्थातच अलॉयच्या गाडीतून. भाऊंनी आदल्या दिवशी चारी चाकं काढून, पुसून, पुन्हा बसवली होती. गाडी चालवायला नवरदेवाचा एक मित्र होता. त्याला भाऊ सकाळपासून बजावत होते, "पन्नासेक मैल झाले का थांबाचं. नवीन बसवलेलं चाक दबते, नट पुन्हा पाहा लागते." तो आपला "हो जी काका, हो जी काका" करत होता.

आणि पाठवणीच्या वेळी बाप गायब.

विहार पाहिला, क्वार्टर पाहिलं, मांडवामागे पाहिलं. कुठेच नाहीत. बायका कुजबुजायला लागल्या. सुजाता पायरीवर उभी, डोळे रस्त्याकडे. "काकू, बाबा काऊन येऊन नाई राह्यले?" माझ्या संतापाला पारावार राहिला नाही. जन्मभर नटबोल्टांना जपलं, आणि पोटच्या पोरीला निरोप द्यायला ह्या माणसाला वेळ नाही! शेवटी वऱ्हाडाची घाई झाली, तिला तशीच गाडीत बसवली. पाठराखीण म्हणून मी सोबत. वाटभर ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

मूल गेलं, सावली गेलं. ड्रायव्हर थांबायचं नाव काढीना. वैनगंगेचा पूल जवळ आला आणि त्यानं करकचून ब्रेक मारला. रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून एक माणूस उभा होता. पांढरा सदरा, गळ्यात लग्नातला हार तसाच, एका हातात पाना, दुसऱ्या हातात काटा.

"अगं माय!" माझ्या तोंडून निघालं.

दार उघडून मी तशीच अंगावर गेले. "लाज नाही वाटत भाऊ? पोरगी रडून अर्धी झाली, आणि तुम्ही इथं?"

"एस.टी.नं आलो," ते म्हणाले. "नट पाहाले. हा पोट्टा थांबणार नाई, मले माहीत होतं."

आणि बसलेच की चाकाशी! काटा अडकवला, ओढला, आकडा पाहिला, "बरोबर." मग समोरचा. मग पुढचा. ड्रायव्हरनं कंटाळून हॉर्न दाबला, तर नवरदेवानं त्याचा हात धरला. चारी चाकं झाली. एकही नट हलला नव्हता. हलेल कसा? बसवले कुणी होते!

भाऊ उठले. हात पुसले, पुन्हा पुसले. आता करायला काही उरलं नव्हतं. ते नदीकडे बघत होते, गाडीकडे बघत होते, फक्त पोरीकडे बघत नव्हते.

"तिथी सारे लोक होते, वैनी," ते हळूच म्हणाले. "मले तिथी जमलं नसतं." मग मोठ्यानं, "जा जी आता. उशीर होऊन राह्यला."

सुजाता खाली उतरली. तिनं त्यांच्या हातातला पाना घेतला आणि पांढऱ्या साडीनिशी धुळीत बसली. पुढच्या चाकाच्या एका नटाला पाना लावला आणि दोन्ही हातांनी हिसका दिला. उलटा! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तिनं नट सोडवला.

"बाबा," ती म्हणाली, "हा ढिला हाय न?"

भाऊंनी नटाकडे पाहिलं. मग पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. ज्याचा जन्म टर्बाइनवर गेला, त्याला काय कळलं नसेल?

"हाय," ते म्हणाले आणि तिच्या शेजारी धुळीत बसले. "सारेच पुन्हा पाहा लागन."