दोन बंदुकांचा समाईक दारूगोळा

"ही गोष्ट सांगितली तर कुणाचाही विश्वास बसणार नाही. तुझाही बसायचा नाही," असं आधीच बजावून मनोहरकाकांनी कोपीचा, म्हणजे सिंगापुरी कॉफीचा, घोट घेतला.

सेरंगूनला त्यांच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपात समोर क्षितिज बसला होता. पुण्याहून आलेला इंजिनियर, आणि इथल्या मराठी मंडळाचा यंदाचा नाट्यसचिव. गणेशोत्सवाच्या नाटकातल्या भूमिका उद्या वाटायच्या होत्या आणि नाटकात एक बंदूकवाला शिकारी होता. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी मंडळाच्या रंगमंचावर आजवर भालदार, प्रेत आणि जमाव एवढ्या भूमिका गाजवल्या होत्या. बंदूक एकदाच हाती आली, २०१३ साली. त्या वेळची गोळी नेमकी काकांचीच होती का, यावरून मंडळात अजून दोन तट होते. हा संशय आज फिटला नाही, तर काका यंदाही जमावात जाणार हे उघड होतं.

"तर त्या नाटकात मी सुभेदार. माझ्याकडे रायफल. प्रताप दरोडेखोर, त्याच्याकडे पिस्तूल. तिसऱ्या अंकात मी त्याला उडवतो. संवाद एकही नाही, पण गोळी माझी!"

"महिनाभर झाडू खांद्याला लावून घरात फिरत होते," शेजारी बसलेल्या उल्काकाकू म्हणाल्या. "मी केर कशानं काढायचा?"

काकांनी हा मुद्दा कामकाजातून वगळला.

पिस्तूल ठरलेलंच होतं. प्रतापच्या मुलाचं, दिवाळीचं, टिकल्यांच्या रोलवर चालणारं. पण रायफलीचा विषय निघताच अध्यक्ष प्रबोधनं हात वर केला. प्रबोध एका कंपनीत खरेदी-विभाग सांभाळायचा. घरात मीठ आणायचं तरी तीन निविदा मागवायचा. दोन शस्त्रांना दोन जातींच्या टिकल्या म्हणजे दोन साठे, दोन पुरवठादार आणि ऐन अंकात चुकीची टिकली चुकीच्या शस्त्रात जाण्याचा धोका, हे त्यानं भिंतीवर तक्ता दाखवून सिद्ध केलं. सबब, पिस्तुलाच्याच टिकलीवर चालेल अशी रायफल निवडावी, असा ठराव होऊन 'शस्त्रसुसूत्रीकरण उपसमिती' नेमण्यात आली.

"एक टिकली उडवायला उपसमिती?" क्षितिजनं विचारलं.

"पाच सदस्य. शिवाय दोन निमंत्रित."

"मग ठीक आहे," क्षितिज म्हणाला.

रोलवाल्या रायफली मिळाल्या, पण सगळ्या पोरांच्या मापाच्या. खांद्याला लावली की सुभेदार दाढी करतोय असं वाटे. मोठ्या रायफलीला गोल चकतीतल्या टिकल्या लागायच्या. मग पिस्तूलच बदला, असं कुणीतरी सुचवलं. पण पिस्तूल ही मंडळाची 'विद्यमान साधनसामग्री' असल्यानं सूचना फेटाळली गेली. अखेर लहान रायफलीला प्लंबरचा पाइप जोडला. आता सुभेदार एका विंगेतून आत यायचा तेव्हा नळी दुसऱ्या विंगेत पोचलेली असायची.

"मग टिकल्यांच्या परवानगीला पोलिसांकडे मीच गेलो. खिडकीवरची बाई फार सभ्य. सगळं वाचून म्हणाली, 'अंकल, गन कॅन. टिकली कॅनॉट लाह. इनसाइड गॉट दारू.'"

"टिकली म्हणाली ती?"

"अरे, अर्ज माझा होता. तोवर शिकली."

म्हणजे रायफल होती, पिस्तूल होतं, टिकली नव्हती. उपसमितीनं यावर पूर्ण समाधान व्यक्त केलं. दोन्ही शस्त्रांना आता तंतोतंत एकच दारूगोळा लागत होता: काहीही नाही. उद्दिष्ट शंभर टक्के साध्य झाल्याबद्दल सदस्यांना नारळ देण्यात आले.

"पण आवाज?"

"त्याला दिलीप."

दिलीप प्रॉम्प्टर होता. तो विंगेतून तोंडानं 'ठो' म्हणणार होता. रायफलीला 'ठो' आणि पिस्तुलाला 'ठिश्' ठेवू या, असं तो भोळेपणानं बोलून गेला, तेव्हा प्रबोधनं त्याला सुसूत्रीकरणाचा ठराव पुन्हा वाचून दाखवला. 'ठो' एकच, दोघांत मिळून. तोही बेताचा, आणि आधी निवेदन करून: 'आता एक ठो होईल. प्रेक्षकांनी कृपया बसून राहावे.'

"हे योग्यच आहे," क्षितिज म्हणाला. "यंदा आरतीच्या झांजांना आम्ही हेच करतोय."

तिसरा अंक आला. काकांनी नेम धरला. प्रतापनं पिस्तूल रोखलं. निवेदन झालं. दिलीप म्हणाला, "ठो."

काकांना वाटलं, आपण मारलं. प्रतापलाही वाटलं, आपणच मारलं. दोघंही समोरचा कधी पडतो याची सभ्यपणे वाट पाहत उभे राहिले. दिलीपनं दुसरा 'ठो' दिला नाही, कारण मंजुरी एकाचीच होती. बराच वेळ गेल्यावर दोघांनाही एकमेकांची दया आली आणि दोघंही पडले. चौथ्या अंकात सुभेदाराचं लग्न होतं. नायिकेनं हार घेऊन प्रेताला एक वळसा घातला, आणि शेवटी तो गणपतीला घालून आली.

"मग गोळी कुणाची ठरली?" क्षितिजनं विचारलं.

उल्काकाकू कपात बघू लागल्या. काका खुर्चीत ताठ झाले.

"त्यासाठी चौकशी समिती बसली. रीतसर. प्रत्येकानं दुसऱ्याचं ऐकून घेतलं. मागच्या वर्षीच्या जेवणाचा विषय कुणी काढला नाही. कुणी राजीनामा खिशातून काढला नाही. आणि एकाच बैठकीत, एकमतानं ठरलं की गोळी सुभेदाराचीच!"

क्षितिजनं कप खाली ठेवला. उपसमिती, पाइप, बेताचा ठो, प्रेताचं लग्न, सगळं त्यानं मान डोलावत गिळलं होतं.

"काका," तो म्हणाला, "एकाच बैठकीत? एकमतानं? आपल्या मंडळात? अहो, थापा मारायच्या तरी किती! उद्या तालमीला या. जमावात पुढच्या रांगेत उभं करतो तुम्हाला."