अनाथ गाण्यांच्या रिबेकामावशी

मी आज इंग्लंडात, रीडिंग गावच्या एका ऑफिसात टाय लावून बसतो, ते लंडनमधल्या एजवेअरच्या रिबेका झिराडकर यांच्यामुळे. उपकार पुष्कळांचे आहेत, पण पहिलं नाव त्यांचं.

रिबेकामावशी मूळच्या अलिबागकडच्या, घरी मराठी बोलणाऱ्या ज्यू. वय अडुसष्ट. बस चालवून निवृत्त झाल्या आणि रेडिओवर डीजे झाल्या. शनिवारी त्यांच्या धर्मात यंत्राला हात लावत नाहीत. म्हणून त्या दिवशी मावशी गाण्यातला बेस, म्हणजे खालचा घुमणारा ठेका, तोंडाने वाजवतात. मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला गेलो तो नेमका शनिवार. आतून "डुम्, डुडुम्" ऐकू आलं. मला वाटलं, बाईंचा बॉयलर बिघडलाय.

लायब्ररीच्या वरच्या खोलीत कम्युनिटी रेडिओ होता. तिथे रविवारी बारा ते दोन त्यांचा कार्यक्रम. यंत्राचा ठेका आणि त्यावर कोणीतरी जीव ओतून गायलेलं. तबकड्या अशा, की जगात शंभर-दोनशेच निघालेल्या. गाणं प्रसिद्ध झालं की मावशी ते लावायचं बंद करीत.

"आता त्याला आईबाप मिळाले. मी अनाथांचं बघते."

मी सांगोल्याचा, घरातला पहिला पदवीधर. एम.एस्सी. झालं होतं, व्हिसा संपत आला होता आणि मुलाखतीत माझी जीभ टाळूला चिकटायची. मावशी स्वयंपाकघरात लाटणं माइकसारखं माझ्या तोंडापुढे धरीत.

"टेल मी अबाउट युअरसेल्फ. अरे, मान वर! चोरी केलीयस का कुणाची?"

रेडिओ स्टेशनची समिती मात्र मावशींवर चिडून होती. चौदा मिनिटांचं गाणं अर्ध्यात तोडवेना, म्हणून त्यांनी दोनदा बातम्याच गाळल्या होत्या. आणखी एक चूक झाली तर कार्यक्रम बंद, असं त्यांना लेखी कळवलं होतं.

एका रविवारी मावशी चहा आणायला खाली गेल्या. "पुढची तू लाव. पंचेचाळीसच्या स्पीडवर हं."

मी चुकून तेहेतीसवर, म्हणजे हळू, लावली. गाणारी बाई रडक्या हवालदारासारखी गाऊ लागली. मला वाटलं, अनाथ आहे, असेल असंच. एका श्रोत्याचा फोन आला, "व्हॉट डेप्थ!" दुसरा फोन समितीच्या अध्यक्षांचा. तोवर मावशी वर आल्या होत्या. फोन त्यांनीच घेतला.

"हे कोणी केलं?" पलीकडून अध्यक्षांचा आवाज आला.

"मी," मावशी म्हणाल्या. मी तोंड उघडलं, तशी त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. फोन ठेवून म्हणाल्या, "उद्या तुझा इंटरव्ह्यू आहे. असला गिल्टी चेहरा घेऊन जाऊ नको. मला तसाही कंटाळा आला होता रे."

मी गप्प बसलो. मला नोकरी लागली, त्यांचा कार्यक्रम गेला.

परवा रविवारी न कळवता, हॅरोच्या देशी दुकानातून पेढे घेऊन मी एजवेअरला गेलो. बारा वाजले होते. बेल दाबणार, तोच आतून आवाज आला, "गुड आफ्टरनून, एजवेअर!" खिडकीतून पाहिलं. मावशी हेडफोन घालून, लिपस्टिक लावून बसल्या होत्या. समोर माइक. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती.

"कोणाची फर्माईश असेल तर फोन करा," त्या म्हणाल्या आणि खरोखरच फोनकडे बघत थांबल्या. मिनिटभराने पुढची तबकडी लावली.

मी पेढे पायरीवर ठेवून परतलो. रात्री दोन पत्रं लिहिली. एक समितीला, दुसरं हे:

प्रिय रिबेकामावशी,
सा. न.
त्या दिवशी तबकडी मी लावली होती, असं समितीला आज लेखी कळवलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही चापट मारलीत, पण तोंड माझं मीच मिटलं.
पेढे माझे आहेत. तुम्ही फर्माइशीसाठी थांबलात, तेव्हा मी खिडकीबाहेर होतो. फोन हातातच होता, पण लाज वाटली.
समिती तुम्हाला परत बोलावील की नाही, माहीत नाही. तोवर दर रविवारी बाराला मी येतो. जेवून येणार नाही.
तुमचा,
विठ्ठल